चाळणीवर मोजलेला काळा खडक

साक्री रस्त्यावरच्या खोदकामाचं बिल आम्ही टाकलं ते १४,६४,६६० रुपयांचं. मुख्य कंत्राटदाराच्या ऑफिसातून तपासून परत आलं ते १०,६१,१०० चं. चार लाखांना कात्री, आणि गंमत अशी की खड्डा किती मोठा यावर कोणाचंच दुमत नव्हतं. ५,९४० घनमीटर त्यांनाही मान्य, आम्हालाही मान्य. वाद होता तो या ५,९४० मध्ये खडक किती, आणि चाळलेला माल कुठल्या मापाने धरायचा याचा.

आमचा घरचा धंदा. दोन पोकलेन, एक जेसीबी, एक ब्रेकर, लागतील तसे भाड्याचे डंपर. दादा मशिनं सांभाळतो, मी बिलं आणि बँक. साइटवरच जाळी उभी करून माल चाळायची पद्धत आता धुळ्या-जळगावकडेही रुळतेय, म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवतोय. जाळीने आमचं काम जेवढं सोपं केलं, तेवढंच बिल अवघड करून ठेवलं.

काम काय होतं

शेतमाल प्रक्रियेचा एक कारखाना. त्याच्या आवारात ६० बाय ४० मीटरची पाण्याची उघडी टाकी खणायची, सरासरी खोली अडीच मीटर. निघालेल्या मालातून शेजारच्या गोदामाच्या जोत्यात भराव. आम्ही उपकंत्राटदार. दर तीन: माती व मुरूम ११० रुपये घनमीटर, मऊ खडक २४०, कठीण खडक ब्रेकरने फोडून ६२०. चौथी ओळ अशी: "उत्खननातील माल साइटवर चाळणे व वर्गवारीने ढीग लावणे, प्रति घनमीटर ७० रुपये." कसला घनमीटर? खड्ड्यातला, जाळीवर टाकलेला, ढिगातला की जोत्यात दाबून बसलेला? काहीच लिहिलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही. दर बरा वाटला आणि सही केली.

चाळण्याची कल्पना मात्र शहाणपणाची होती. बाहेरून मुरूम आणायचा तर ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, ६०० रुपये रॉयल्टी, वर खदानीचा भाव, वर वाहतूक. प्लॉटमधला माल प्लॉटमध्येच वापरला तर यातलं काही लागत नाही. पायासाठी खणलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली तर तिच्यावर रॉयल्टी बसत नाही, हे पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणून ठरलं की ४० मिलिमीटरखालचा माल जोत्यात, ४० ते १५० चा आतल्या रस्त्याच्या सोलिंगला (खालच्या दगडी थराला), त्यावरचा टाकीच्या काठाला पिचिंगसाठी (दगड बसवायला).

जाळी धुळ्याच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतली. जुन्या चॅनलची चौकट, चाळीस अंशांचा उतार, खाली बारीक, वर दांडग्या सळयांची ग्रिझली. मोटर नाही, काही नाही. पोकलेनने वरून बकेट ओतायची, बारीक खाली पडतं, जाड घरंगळत पुढे जातं. कोरड्या मुरमाला ती इतकी छान चालली की पहिल्या दिवशी दादा उभा राहून बघतच बसला. मग मार्चमध्ये अवकाळी आला. काळ्या मातीचा अंश असलेला ओला माल जाळीवर पडला की कणकेसारखा चिकटायचा. दोन पोरं घण घेऊन सळया ठोकत राहायची, आणि पोकलेन बकेट अधांतरी धरून थांबलेली. ते चार दिवस ७० रुपयांत मावणारे नव्हतेच. पण तो आमचा धंद्याचा धोका, त्याचं रडगाणं बिलात लावता येत नाही.

मध्येच भिंत लागली

काम घेण्याआधी मालकाने दोन चाचणी खड्डे घेतलेले होते, एक उत्तरेच्या टोकाला, एक दक्षिणेच्या. दोन्हीत वर काळी, खाली मुरूम, तळाला मऊ खडक. त्यावरूनच अंदाजपत्रकात कठीण खडक अवघा ३०० घनमीटर धरलेला.

साक्री, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात बेसॉल्टच्या थरांना चिरत पूर्व-पश्चिम धावणाऱ्या डाइक आहेत. लाव्हा भेगेत शिरून तिथेच थिजला की अशी उभी भिंत तयार होते. आजूबाजूचा खडक झिजतो, ती टिकते. शिवारात नीट पाहिलं तर लांबवर सरळ रेषेत गेलेली टेकड्यांची बुटकी रांग दिसते, ती बहुतेक वेळा हीच. आमच्या प्लॉटच्या पश्चिमेला अशी रांग होती. गुरं चारणाऱ्यांना ती ठाऊक होती. ती जमिनीखालून आमच्या टाकीच्या मधोमध गेलेली असेल हे मात्र कोणाच्याच ध्यानी आलं नाही, आणि चाचणी खड्डे नेमके तिच्या दोन्ही बाजूंना पडले.

चौथ्या दिवशी पोकलेनचा दात खरवडला. आमचे मुकादम आबा खाली उतरले, दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ मुरूम नही. हाऊ काया खडक शे. मशीन हालस, तो हालत नही."

वरचा थर काढल्यावर काय ते दिसलं. चुलीशी लाकडं रचून ठेवावीत तसे आडवे दगडी खांब, एकावर एक. डाइक थंड होताना तडे तिच्या बाजूंना काटकोनात जातात, म्हणून खांब आडवे. ब्रेकरवाल्याला एकदा ते सांधे सापडले की फोडणं जरा सोपं जातं. तरीही ९६ तास ब्रेकर चालला. सुरुंगाचा प्रश्नच नव्हता, हायवे जवळ आणि डोक्यावर विजेची मोठी लाइन.

आता आमची चूक. फुटलेला काळा खडक वेगळा काढून त्याचा स्वतंत्र ढीग लावायला हवा होता. आम्ही तो मुरमाबरोबरच जाळीवर घातला. वेळ वाचत होता, ढीग आपोआप लागत होते, सगळे खूश. मुरमात सापडलेले मोठे गोटे तेवढे आधी बाजूला काढले, कारण ते जाळी वाकवत होते. आपल्याकडचा खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजतो, आणि आत कडक गाभा गोटा होऊन उरतो. अशा गोट्यांचा ढीग २२० घनमीटर भरला.

क्यूएसचं गणित

मुख्य कंत्राटदाराचा क्यूएस, म्हणजे मापं आणि बिलं तपासणारा माणूस, पुण्यात बसायचा. साइट त्याने फोटोंत पाहिलेली. त्याने सरळ ढीग धरले: १५० वरचा माल गोट्यांसकट ६४० घनमीटर, ४० ते १५० चा १,५०० घनमीटर. करारात मोजमाप आयएस १२०० (बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक) आणि सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, स्पेसिफिकेशनप्रमाणे, असं होतं. त्यात मिश्र मालाचा नियम आहे. माती, मऊ खडक, कठीण खडक एकमेकांत मिसळलेले असतील तर दोन्ही खडकांचे ढीग वेगळे लावायचे, मोजायचे, पोकळीपोटी निम्मे कापायचे. खड्ड्याच्या एकूण मापातून ते वजा जाता जे उरेल ती माती. त्याने मोठा ढीग म्हणजे कठीण आणि मधला म्हणजे मऊ असं धरून टाकलं. कठीण ३२०, मऊ ७५०, उरलेली ४,८७० माती. खोदकामाचे ९,१४,१०० रुपये.

आमच्या हिशोबाने कठीण ६८६, मऊ १,१८०, माती-मुरूम ४,०७४, म्हणजे ११,५६,६६० रुपये.

नियम खरा होता, लावला चुकीच्या जागी. ब्रेकरखाली डाइकचा अर्धाअधिक माल १५० च्या आत फुटला. तो मधल्या ढिगात जाऊन "मऊ खडक" झाला. त्याचा चुरा ४० च्या जाळीतून पडला आणि ११० रुपयांची "माती" झाला. म्हणजे ऑपरेटरने काम जितकं चोख केलं, दगड जितका बारीक फोडला, तितका आमचा दर खाली. आबांना हे समजावलं तर ते हसले. "चायनीले (चाळणीला) दगड कितला मोठा ते समजस. कितला कडक, ते तिले काय ठाऊक?" पुण्याला पाठवलेल्या तीन पानी पत्रात मी जे मांडलं ते याहून जास्त काही नव्हतं.

पत्राला उत्तर आलं, त्यात नवीन मुद्दा: सुरुंग लावलेला नाही, म्हणजे तो कठीण खडक नव्हेच. हा युक्तिवाद खोदकामात दर दोन वर्षांनी कोणीतरी करतोच. आयएस १२०० मध्ये सुरुंगबंदी असलेल्या जागेतला कठीण खडक असा स्वतंत्र वर्ग आहे, आणि आमच्या दरपत्रकात तर "ब्रेकरने" असा शब्दच होता. तो मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुरावा खड्ड्याच्या बाजूंना

खरी अडचण वेगळी होती. मऊ खडक कुठून लागला त्याच्या लेवल, म्हणजे खोलीच्या नोंदी, दोन्हीकडच्या सह्यांच्या होत्या, त्यामुळे १,१८० वर फार ओढाताण झाली नाही. पण डाइकचा माथा उघडा पडला त्या दोन दिवसांत साइट इंजिनीयर लग्नाला शिरपूरला गेलेला. आम्ही त्याची वाट न बघता ब्रेकर लावला. माथ्याच्या लेवल एकतर्फी, माझ्या वहीत. फोटो होते, पण फोटोत स्टाफ (मापाची पट्टी) धरलेला नाही, नुसता दगड आणि पोझ दिलेला ऑपरेटर.

मग एका संध्याकाळी खड्ड्यात उतरलो असताना लक्षात आलं की डाइक आम्ही खड्ड्यातून काढली, बाजूंमधून नाही. पूर्वेच्या कडेला तिचा काप जसाच्या तसा उभा होता, पश्चिमेच्याही. दोन्हीकडे मुरमाचा तांबूस रंग आणि मध्ये तो काळा पट्टा, घरात कोळशाने रेघ मारावी इतका स्पष्ट. आठ दिवसांत आरसीसी भिंतीचं काम सुरू होऊन मागे भराव पडणार होता. पडला की संपलं.

त्याच रात्री फोन, सकाळी मेल, दोन दिवसांनी संयुक्त मोजणी. मालकाचा इंजिनीयर, मुख्य कंत्राटदाराचा इंजिनीयर आणि मी. पूर्वेच्या बाजूला पट्ट्याची रुंदी ७.६ मीटर, पश्चिमेला ८.४. सरासरी ८. माथा जमिनीपासून पूर्वेला ०.६ खाली, पश्चिमेला ०.८ खाली, सरासरी ०.७. खड्ड्याचा तळ २.५ ला. आठ बाय चाळीस बाय १.८, म्हणजे ५७६ घनमीटर. माझ्या वहीतल्या एकतर्फी लेवल याच्याशी जुळत होत्या, आणि तेव्हाच पहिल्यांदा त्या वहीकडे कोणी आदराने बघितलं.

मालकाच्या इंजिनीयरने मात्र हातातली हातोडी वरच्या भागावर मारून दाखवली. माथ्याखालचा साधारण ०.४ मीटर थर झिजलेला होता, तडकत होता. "हा पोकलेनने निघाला असेल, ब्रेकरने नाही." बरोबर होतं त्याचं. मी मान्य केलं. आठ बाय चाळीस बाय ०.४, म्हणजे १२८ घनमीटर कठीणमधून मऊमध्ये गेले, आमचे ४८,६४० रुपये गेले. दादा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. पण ते १२८ सोडले म्हणूनच बाकीचे ४४८ एका बैठकीत एमबीवर, म्हणजे मोजमाप वहीवर, चढले, असं मला अजूनही वाटतं.

गोट्यांचा प्रश्न उरला. ते खरोखर मुरमात मिसळलेले होते, तिथे ढिगाचा नियम रास्त. २२० चे निम्मे ११०. निम्मे कापणं मला जास्त वाटतं, नीट रचलेल्या ढिगात इतकी पोकळी नसते. पण करारात आहे ते आहे.

ब्रेकरचे तासही कामी आले. पुण्याच्या हिशोबाने गोटे वगळता कठीण खडक फक्त २१० घनमीटर. मी लिहिलं, ९६ तासांत २१० घनमीटर म्हणजे आमचा ऑपरेटर केबिनमध्ये झोपला होता असं एमबीत नोंदवा. तासांच्या नोंदीने माप सिद्ध होत नाही, पण मापाला ती साक्ष देते. रोज संध्याकाळी मीटरचा फोटो साइटच्या ग्रुपवर टाकायची सवय दादाची. त्याला वाटायचं डिझेलचोरी धरायला उपयोगी पडेल.

बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला: वर मालकाकडे तुम्ही जे बिल लावलंय त्यात कठीण खडक किती? क्यूएसने लॅपटॉप बंद करून चहा मागवला. मालकाचा इंजिनीयर खिडकीबाहेर बघत होता.

शेवटी कठीण ५५८, मऊ १,३०८, माती-मुरूम ४,०७४. खोदकामाचे ११,०८,०२० रुपये.

चाळणीचे पैसे

इथे आमची बाजू तितकी भक्कम नव्हती. जाळीवर किती माल टाकला ते बकेट मोजून आम्ही ४,४०० घनमीटर धरलेलं, तेही मोकळ्या, फुगलेल्या मालाचं. त्याचे ३,०८,००० लावले. पुण्याने जोत्यात दाबून बसलेला २,१०० घनमीटर तेवढाच धरला. म्हणजे १,४७,०००. सोलिंगचा माल आम्ही जणू धर्मादाय चाळला.

त्यातच आणखी एक संशय. जाळीवर ४,४०० टाकला आणि तिन्ही ढिगांची बेरीज ४,८२०. "माल वाढला कसा?" असा मेल. आकडे फुगवले असाच सूर. मी साइटवरच घमेली मागवली. एक घमेलं सोलिंगची खडी, एक घमेलं बारीक मुरूम, दोन्ही ताडपत्रीवर ओतून फावड्याने कालवली आणि परत घमेल्यांत भरली. दुसरं घमेलं बरंच रिकामं राहिलं, कारण बारीक माल खडीच्या फटींत शिरला. चाळताना याचं उलटं होतं. फटींतलं बारीक बाहेर पडतं, फटी रिकाम्या होतात, आणि ढीग एकूण मोठे दिसतात. बिगारी हसत होते, त्यांना यात नवीन काही नव्हतं. याचा व्हिडिओ पुण्याला पाठवला. त्यानंतर तो मेल कोणी उघडून दाखवला नाही.

तोडगा मालकाच्या इंजिनीयरने सुचवला. दरपत्रकातल्या बाकीच्या तिन्ही ओळी जागेवरच्या मापाने आहेत, मग चौथीही तशीच धरा. एकूण ५,९४० मधून वरची काळी माती १,४४० वजा, कारण ती जाळीवर गेलीच नाही. गोटे ११० वजा. पश्चिमेच्या कोपऱ्यातला साफ मुरूम न चाळता थेट जोत्यात टाकला होता, त्याच्या लेवल वेगळ्या होत्या, तो १,१३०, तोही वजा. उरले ३,२६०. सत्तरने २,२८,२०० रुपये. आमच्या मागणीपेक्षा ८० हजारांनी कमी, त्यांच्या देण्यापेक्षा ८१ हजारांनी जास्त. मी हो म्हटलं. मोकळ्या मालाचं माप लावायचं तर ते करारात आमच्याकडून यायला हवं होतं.

काळी माती

ती १,४४० घनमीटर काळी पैशाच्या भांडणात नव्हती, पण तिने रात्रीची झोप उडवली होती. बाजूच्या गावातले शेतकरी रोज यायचे. "नाना, दोन डंपर आमना वावरमा टाकी द्या ना." त्यांना हवी, आम्हाला जागा मोकळी हवी, मालकालाही नको. दादा तयार झाला होता. मी हिशोब केला. १,४४० म्हणजे जागेवरच्या मापाने साधारण ५०९ ब्रास, ६०० ने तीन लाखांवर रॉयल्टी, आणि करारात रॉयल्टी कंत्राटदाराच्या माथी. परवानगी आणि वाहतूक पास नसताना डंपर फाटकाबाहेर पडला आणि तलाठ्याने धरला, तर महसूल कायद्याच्या ४८ व्या कलमाखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर डंपर जमा. तोही भाड्याचा. काळी मग कुंपणाच्या आत बांध घालून ठेवली. मालकाने पुढे तिच्यावर झाडं लावायचं ठरवलं. गावात आमचं नाव थोडं वाईट झालं.

पैसे

अंतिम बिल १३,३६,२२०, जीएसटी वेगळा. पहिल्या आरए (चालू) बिलाचे ७ लाख आधी आलेले. धंदा दादाच्या नावावर, म्हणून टीडीएस एक टक्का, १३,३६२. पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे हमीपोटी अडकवून ठेवलेले, ६६,८११. हातात यायचे ५,५६,०४७. बिल मंजूर झाल्यापासून ते यायला सात आठवडे लागले, त्यातले दोन "वरून आले की देतो" मध्ये गेले.

नंतरच्या कोटेशनमध्ये मी चाळणीच्या ओळीपुढे एक वाक्य जोडतो: माप जाळीवर टाकण्यापूर्वी, जागेवरच्या लेवलवरून, ब्रेकरने फोडलेला खडक जाळीवर जाणार नाही. एरंडोलकडच्या एका कामात समोरच्याने ते खोडलं, म्हणून ते काम आम्ही चाळणीशिवाय घेतलं.

जाळी सध्या यार्डात उभी आहे, दोन सळया वाकलेल्या. रिटेन्शनचे ६६,८११ पावसाळा संपल्यावर मिळायचे आहेत, टाकीची भिंत गळली नाही तर. भिंत आम्ही बांधलेली नाही.